डोंबिवलीतला समुद्र आणि विदाउट तिकीट पाहुणे

रात्रीचे साडेअकरा. डोंबिवली ईस्टचा वन बीएचके. टॉर्चला लाल जिलेटिन पेपर गुंडाळून मी दोन फुटी काचेच्या टँकसमोर उकिडवा बसलोय. ‘‘काय रे, चोर पकडतोयस का?’’ आई विचारते. हो, तसंच काहीसं!

माझ्या खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये मी पैसे मोजून आणलेत फक्त दोन क्लाउनफिश. दगड सिरॅमिकचे, कारण २००१ पासून कठीण प्रवाळांना वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात जागा आहे, थेट वाघाच्या पंगतीत! पण मित्राच्या टँकमधून समुद्री शेवाळाचा एक झुपका आणला आणि त्याला लटकून बरीच मंडळी आली. ८.१४ च्या फास्टला लटकतात ना, अगदी तशी!

लाल उजेड यांना फारसा जाणवत नाही, त्यामुळे रात्री सगळे बिनधास्त बाहेर. काचेवर टुणटुण सरकणारे पांढरे ठिपके म्हणजे कोपेपॉड. कोळंबीच्या पिल्लासारखा, दोन्ही कुशींनी चपटा, तो ॲम्फिपॉड. पाठीवरून चपटा असेल तर आयसोपॉड. खसखशीएवढी पांढरी चक्रं दिसतात ती गोगलगाय नव्हे, स्पायरॉर्बिड नावाचे किडे. पाणी गाळून पोट भरतात, कुणाच्या अध्यात ना मध्यात.

हे आता कळतंय. पहिल्याच आठवड्यात मी दोन घोळ घातले. गोमेसारखा केसाळ ब्रिसल वर्म दिसला, ‘ई...’ म्हणत चिमट्याने ओढून फेकला. बोटात त्याचे केस घुसले ते वेगळंच. नंतर समजलं, बिचारा उरलंसुरलं खाऊन टँक साफ ठेवत होता. आणि दगडावर उगवलेलं तपकिरी फूल ‘सो क्यूट’ म्हणून ठेवलं. ते निघालं आयप्टेशिया, डंख मारणारं समुद्रफूल! खरवडलं, तर उरलेल्या तुकड्यांतून नवी उगवली. एकाची सात झाली. थोडक्यात, सोसायटीचा सफाईवाला हाकलला आणि गुंडाला फ्लॅट दिला.

वैतागून टँक रिकामा करायचं ठरवलं. मित्र म्हणाला, ‘‘मोठागावच्या खाडीत ओत की! जीव घेतल्याचं पाप पण नको.’’ खरं सांगतो, पटलं होतं मला.

बादली भरायच्या आधी रविवार आला आणि मी ऐरोली गाठली. कांदळवन कक्षाच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून बोट सुटते. समोर ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य, २०१५ मध्ये जाहीर झालेलं. २०२२ मध्ये खाडीला रामसर दर्जाही मिळाला. ओहोटीच्या चिखलात निवट्या उड्या मारत होत्या, पलीकडे गुलाबी थवा. सगळ्यांचे कॅमेरे तिकडे, माझी नजर मात्र खांबांवर. खांबभर बार्नेकल! हा प्राणी डोकं चिकटवून आयुष्य काढतो आणि पायांनी अन्न ओढतो. डार्विनने याच्या अभ्यासात आठ वर्षं घालवली, आपण निदान आठ मिनिटं द्यावीत. बोटवाले काका म्हणाले, ‘‘बोटीच्या बुडाला पण हेच. खरवडून हात दुखतात.’’

तिथे ट्यूब पेटली. जहाजांना चिकटूनच मध्य अमेरिकेकडचा एक पट्टेरी शिंपला भारतात आला. १९६७ मध्ये विशाखापट्टणमला सापडला, पुढे मुंबईच्या गोदीतही. आणि मत्स्यालयातून निसटलेलं कॉलर्पा शेवाळ १९८४ मध्ये मोनॅकोच्या म्युझियमखालच्या समुद्रात दिसलं, तेव्हा जेमतेम एक चौरस मीटर. पुढे भूमध्य समुद्रात हजारो हेक्टर त्याने व्यापले. एक बादली कधीच ‘फक्त एक बादली’ नसते, बॉस!

घरी आलो. सातही आयप्टेशियांना सिरिंजने लिंबाचा रस टोचला. टँक ठेवला. आता बदललेलं पाणी आधी उकळतं, मगच मोरीत जातं. गॅसचा खर्च वाढल्याची आईची तक्रार आहे. पण काल रात्री टॉर्च तिच्या हातात होता. ‘‘अरे, तो केसाळ परत आलाय बघ,’’ ती कुजबुजली. ‘‘या वेळी राहू दे हं त्याला.’’

कसे जाल? : ठाण्याहून ट्रान्स हार्बर लोकलने ऐरोली, पुढे रिक्षा. फ्लेमिंगोंसाठी हिवाळा ते मे हा काळ बरा. बोट भरती-ओहोटीवर सुटते, तेव्हा आधी वेळ विचारून घ्या.