कोयत्याचा विवेक

‘कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ’ ही म्हण आपण माणसांना उद्देशून वापरतो. परंतु आमच्या परभणी जिल्ह्यात ती शब्दशःही खरी ठरते. बाभळीचा दांडा बसविलेली कुऱ्हाड येथे बाभळीवरच चालते.

मात्र बाभळी दोन आहेत. देशी बाभूळ पिवळ्या गोंड्यांची आणि मण्यांच्या माळेसारख्या शेंगांची. औतांना तिचे लाकूड लागते. दुसरी वेडी बाभूळ. ती मूळची अमेरिका खंडातील, एकोणिसाव्या शतकात भारतात आली. हिची फुले कणसासारखी लांबट. गोड शेंगा गुरे-शेळ्या खातात आणि शेणा-लेंड्यांतून बी रानोमाळ पसरते. गायरानात, नाल्याकाठी आणि आमच्या दफनभूमीतही ती माजली आहे.

२ नोव्हेंबरच्या परलोकवासी भाविकांच्या स्मरणदिनापूर्वी धर्मग्रामातील कुटुंबे दफनभूमी स्वच्छ करतात. ‘जेसीबी लावा, दोन तासांत मोकळे होईल,’ अशी सूचना तेव्हा हमखास येते. सूचना चुकीची नाही. थोराड झाडे उपटण्यास ते यंत्र योग्यच. पण आमच्या गोरगरीब पूर्वजांच्या कबरी मातीच्या आहेत. त्यांवरचे लाकडी क्रूस वाळवीने केव्हाच खाल्ले. कोणता उंचवटा आजीचा आणि कोणता नुसता मातीचा, हे यंत्राच्या लोखंडी खोऱ्याला कसे कळावे?

म्हणून आम्ही हातच्या अवजारांकडे वळतो. बोटाएवढ्या फोकाला कोयता पुरे, मनगटाएवढ्या खोडाला कुऱ्हाड किंवा करवत. परंतु वेडी बाभूळ नुसती कापली, तर एका खोडाच्या जागी दहा फोक फुटतात. कारण तिचे डोळे जमिनीलगतच्या बुडख्यात, मातीखाली असतात. तेव्हा टिकावाने माती उकरून सुमारे वीतभर खाली घाव घालावा लागतो. तिरका तोडलेला खुंट वर ठेवणे तर घातकच. तो भाल्यासारखा अनवाणी पायात शिरतो.

कोवळ्या रोपांना पऱ्हाटी उपटण्याचा लोखंडी चिमटा उत्तम. जबड्यात बुंधा धरून लांब दांडा दाबला, की तरफेच्या बळाने रोप मुळासकट येते. मात्र वाफसा हवा. उन्हाळ्यात काळी माती दगडासारखी होते; खोड तुटते, मूळ राहते.

खांद्याला अडकवायचे गवतकापणी यंत्रही आता आले आहे. गवताला नायलॉनची दोरी, झुडपांना तीन पात्यांचे चक्र, बारीक खोडांना दातेरी चक्र, अशी त्याची जोडसामग्री. चक्र दगडावर आदळले तर यंत्र उलट झटका देते, खडे उडतात. म्हणून डोळ्यांना चष्मा हवा आणि इतरांनी पंधरा मीटर दूर राहावे. कबरींच्या दाटीत आम्ही ते वापरत नाही.

काट्यांच्या त्या जाळीत एखादे कडुनिंबाचे रोपटे वाढत असते. कोयता धरणारा हात तेथे थबकतो, पाने निरखतो आणि बाजूने वाट काढतो. गहू आणि निदणाच्या दाखल्यातील धन्याला हीच तर चिंता होती. निदण उपटताना गहू उपटला जाऊ नये! त्याने कापणीपर्यंत धीर धरला. आम्हांला तितके थांबता येत नाही. पण वाकून पाहण्याइतका वेळ आमच्याकडे खासच आहे. आणि वाकल्यावाचून आपल्या माणसांची कबर तरी कोणाला सापडली आहे?