बाथरूममधली आसरा



"डॉक्टर, हसणार नसाल तर एक सांगते," असं म्हणून पेशंटचे नातेवाईक बोलू लागले की आता मी हातातलं पेन खाली ठेवतो. ही सवय मला एका सासूबाईंमुळे लागली. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.)

डिसेंबरचे दिवस होते. त्यांची तरुण सून बाथरूममध्ये चक्कर येऊन पडली. माझ्याकडे आणेपर्यंत तीन तास उलटले होते. बीपी ठीक, साखर ठीक, बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवर ९८. हिमोग्लोबिन थोडं कमी होतं, म्हणून मी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या.

सासूबाई म्हणाल्या, "दुसऱ्यांदा झालंय हे. दोन्ही वेळा शुक्रवारीच. आमच्या बिल्डिंगच्या जागी पूर्वी विहीर होती. आसरांची जागा आहे ती."

मी हसलो नाही. पण ऐकलंही नाही.

पंधरा दिवसांनी ती पुन्हा पडली. या वेळी फिट आल्यासारखे हातपाय ताठ झाले होते. कडी तोडून तिला बाहेर काढावं लागलं. तोवर घरात बरंच काही होऊन गेलं होतं. भाच्याने व्हिडिओ पाहून 'भूत शोधायचं मशीन' ऑनलाइन मागवलं होतं आणि बाथरूमच्या भिंतीपाशी त्याचे सगळे दिवे लागले होते. एका देवऋष्याने अमावास्येला सुनेला घेऊन यायला सांगितलं होतं.

तेव्हा मी विचारलं, "मावशी, शुक्रवारीच का?"

"शुक्रवारी ती डोक्यावरून न्हाते ना. सगळ्यांच्या शेवटी जाते, पाऊण तास लागतो."

"खिडकी?"

"थंडीत कोण उघडतंय?"

"आणि पाणी कशावर तापवता?"

"गॅस गिझरवर. आतच आहे."

बघा, सासूबाईंचं निरीक्षण अगदी अचूक होतं. जागा तीच, वार तोच, माणूस तेच. चुकलं ते फक्त उत्तर. आणि मी तर प्रश्नच विचारला नव्हता.

बंद बाथरूममध्ये गिझर जळत राहिला की ऑक्सिजन कमी होतो आणि गॅस अर्धवट जळून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून अधिक घट्ट चिकटतो. आधी डोकं दुखतं, मळमळतं, मग चक्कर, गोंधळ, बेशुद्धी, कधी झटके. वेळेत बाहेर काढलं नाही तर मृत्यू. साधा ऑक्सिमीटर इथे फसवतो, कारण त्याला ऑक्सिजन आणि हा वायू यांतला फरक कळत नाही. माझंही तेच झालं होतं.

भूत आणि या वायूचं नातं जुनं आहे. विल्यम विल्मर या अमेरिकन नेत्रतज्ज्ञाने १९२१ साली एका वैद्यकीय नियतकालिकात एका कुटुंबाची हकिगत छापली. १९१२ मध्ये ते एका मोठ्या जुन्या घरात राहायला गेले. रात्री पावलांचे आवाज, अनोळखी आकृत्या, सतत डोकेदुखी, मुलं मलूल, कुंडीतली झाडंही सुकली. अखेर कळलं की घर ऊबदार ठेवणारी भट्टी नादुरुस्त होती आणि तिचा धूर घरात पसरत होता.

मग भाच्याच्या मशीनचं काय? ते विद्युतचुंबकीय क्षेत्र मोजतं. वायर, मोटर, इन्व्हर्टर, मोबाइल, कशाजवळही ते चमकतं. त्या भिंतीपलीकडे घराचा मेन स्विच होता. म्हणजे मशीन खोटं बोललं नाही, पण जे जिवावर बेतत होतं ते मोजणं त्याचं कामच नव्हतं. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वेगळा मिळतो, तो घ्या.

तुमच्या घरी गॅस गिझर बाथरूममध्ये असेल तर आजच तो बाहेर, मोकळ्या हवेत बसवून घ्या. तोवर आधी बादली भरा, गिझर बंद करा आणि मगच आंघोळीला जा. खिडकी उघडी ठेवा. कुणी आत पडलेलं आढळलं तर आधी त्याला मोकळ्या हवेत आणा, मग गॅस बंद करून ऑक्सिजनची सोय असलेल्या दवाखान्यात न्या. आणि डॉक्टरांनी विचारलं नाही तरी "गॅस गिझर आहे" हे सांगा.

रात्री जाग येते, छातीवर कुणीतरी बसलंय असं वाटतं, हातपाय हलत नाहीत? बहुतेक वेळा तो निद्रापक्षाघात असतो. मेंदू जागा होतो, पण स्वप्नाच्या झोपेतली स्नायूंची शिथिलता क्षणभर टिकून राहते. घाबरू नका, पण वारंवार होत असेल तर दाखवा. कारणं सापडतात, फक्त "बाहेरचं" म्हणून थांबू नका. भूत उतरवायच्या नावाखाली कुणी मारहाण केली, तर महाराष्ट्रात २०१३च्या कायद्याने तो गुन्हा आहे.

त्या घरचा गिझर बाल्कनीत गेला. सून ठणठणीत आहे. सासूबाईंनी आसरांना नारळ दिलाच. मी काही बोललो नाही. "मावशी, खिडकी उघडी असते ना?" एवढंच विचारलं.

काळजी घ्या.