गुपित आमच्या घराचं नव्हतं

माझ्या आईचे वडील तापाने गेले, एवढंच मला माहीत होतं. ते कधी गेले, कुठे गेले, त्यांना कुठे पुरलं, असं काही विचारलं की आई उठून कामाला लागायची. आम्ही तैवान सोडून कॅलिफोर्नियात आलो तेव्हा मी शाळकरी मुलगी होते. लॉस एंजेलिसजवळच्या मॉन्टेरे पार्कमध्ये तैवानी कुटुंबांची मोठी वस्ती होती, दुकानांच्या पाट्यासुद्धा चिनी लिपीतल्या. तरी आई त्या माणसांत फारशी रमली नाही. कुणाच्या घरी जेवणाच्या टेबलावर तैवानच्या राजकारणाचा विषय निघाला की ती आम्हा भावंडांना घेऊन निघायची.

आई गेल्यावर आमच्या रीतीप्रमाणे सात आठवडे दर सातव्या दिवशी तिच्यासाठी पाठ झाले. त्याच दिवसांत बँकेतला तिचा लॉकर उघडला. घराची कागदपत्रं होती, आमाच्या, म्हणजे आजीच्या, सोन्याच्या बांगड्या होत्या आणि तळाशी तैवान सरकारचं एक प्रमाणपत्र होतं. आजोबांना अन्यायाने शिक्षा झाली होती, त्यांची प्रतिष्ठा त्यांना परत देण्यात येत आहे, असं त्यावर लिहिलं होतं.

मी ताइचुंगला मावशीला फोन लावला. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "बाळ, तुला सांगायचं नाही अशी तुझ्या आईने मला शपथ घातली होती. आता ती नाही, म्हणून सांगते."

आजोबा चांगह्वा भागात शाळामास्तर होते. मित्रांबरोबर जमून पुस्तकं वाचायचे. २८ फेब्रुवारी १९४७ रोजी तैपेईत लोक सरकारविरुद्ध रस्त्यावर आले. मार्चमध्ये चीनहून सैन्य उतरलं आणि हजारो माणसं मारली गेली. २० मे १९४९ पासून लष्करी कायदा आला, तो १५ जुलै १९८७ पर्यंत उठला नाही. त्या काळात वाचनमंडळ चालवणं हासुद्धा राजद्रोह ठरू शकत होता. आजोबांना रात्री शाळेच्या खोलीतून नेलं आणि १९५१ साली तैपेईच्या नदीकाठी, माचांगतिंगच्या मैदानावर गोळ्या घातल्या. मावशी तेव्हा आठ वर्षांची होती, आई अंगावर पिणारी.

गोळी एकदाच सुटली, पण पोलीस पुढे कित्येक वर्षं आमाच्या दारी येत राहिले. घरात कोण आलं, कोण राहिलं, याची चौकशी व्हायची. मावशीला सरकारी नोकरीची आशा सोडावी लागली. शेजाऱ्यांनी येणं-जाणं तोडलं. आमाने मुलींना एक वाक्य पाठ करून घेतलं, वडील तापाने गेले, आणि आई ते वाक्य समुद्रापलीकडे घेऊन आली.

अमेरिकेत कशाची भीती, असं मी मावशीला विचारलं. तिने मला चेन वेन-चेंग यांची आठवण करून दिली. ते पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात शिकवत होते. १९८१ साली ते सुट्टीत तैवानला गेले. अमेरिकेतल्या त्यांच्या राजकीय हालचालींबद्दल सुरक्षा खात्याने त्यांची चौकशी केली आणि दुसऱ्या दिवशी तैवान विद्यापीठाच्या आवारात त्यांचा मृतदेह सापडला. अमेरिकेतल्या विद्यापीठांतही खबरे होते. जेवणाच्या टेबलावर कोण बसलंय हे आईला ठाऊक नव्हतं, आणि तिची बहीण अजून तिकडेच होती.

मी तैवानच्या राष्ट्रीय अभिलेखागाराकडे आजोबांच्या फाइलसाठी अर्ज केला. ही वाट एका नातीने दाखवली होती. १९५३ साली मारले गेलेले दंतवैद्य ह्वांग वेन-कुंग यांची फाइल तिने मागवली, तेव्हा आत त्यांची शेवटची पत्रं निघाली. ती घरच्यांपर्यंत कधी पोचवलीच गेली नव्हती. एक पत्र तर त्यांच्या अटकेनंतर जन्मलेल्या मुलीला लिहिलेलं होतं. मग शोध झाला आणि १७७ माणसांचे असे खासगी कागद सरकारी फाइलींत दडून असल्याचं उघड झालं. २०११ पासून ते कुटुंबांना परत मिळू लागले.

आजोबांच्या फाइलमध्येही एक पत्र होतं. जपानी अमलात शिकलेल्या पिढीप्रमाणे त्यांनी ते जपानीत लिहिलं होतं. मावशीच्या शेजारच्या एका वृद्ध डॉक्टरांनी ते आम्हाला वाचून दाखवलं. सायकल विकून मुलींच्या शाळेची फी भरावी. धाकटीला माझा चेहरा आठवणार नाही, तिला फोटो दाखवावा. मी चोरी केली नाही, कुणाला मारलं नाही, हे दोघींना मोठेपणी सांगावं. मावशी ऐकता ऐकता ऐंशीच्या घरातल्या बाईची आठ वर्षांची मुलगी झाली. मी मात्र धाकटीसाठी रडत होते. ते पत्र तिच्या जन्मभर सरकारी कपाटात पडून होतं. प्रमाणपत्र घेण्याइतकं धैर्य तिने गोळा केलं. फाइल मागण्याइतकं उरलं नसावं.

तैपेईतल्या ल्यूचांगलीच्या टेकडीवर मी आणि मावशी गेलो. ज्यांचे देह नातेवाईक नेऊ शकले नाहीत, अशांना तिथे पुरलं होतं. बांबूच्या बेटात बुजलेल्या त्या २०१ कबरी १९९३ साली, भावाचा शोध घेणाऱ्या एका माणसामुळे सापडल्या. आजोबांचा दगड गुडघ्याएवढाही नाही. मावशीने उदबत्त्या लावल्या आणि धाकट्या लेकीचं नाव घेऊन सांगितलं, ती आता तुमच्याकडे आली आहे.

आईने माझ्यापासून काही लपवलं असं मी आता म्हणत नाही. जे राज्य माणूस मारतं, त्याचं पत्र दाबून ठेवतं आणि मुलांना गप्प राहायला शिकवतं, ते गुपित त्या राज्याचं असतं. आमच्या घरातल्या तीन बायकांनी ते फक्त वाहिलं. आईबद्दलचा राग त्यामुळे उरला नाही, दुःख मात्र दुप्पट झालं आणि ते मला मान्य आहे.

आज तैवानमध्ये कुटुंबातला माणूस अर्ज करून अशी फाइल मागू शकतो. ज्यांच्या घरात एखाद्या नावापाशी सगळे गप्प होतात, त्यांनी अर्ज करावा. आणि मोठी माणसं हयात आहेत तोवर करावा, कारण ज्यांना उद्देशून ती पत्रं लिहिली गेली, ती वाचण्याचा पहिला हक्क त्यांचा आहे.