बंधाऱ्याची पातळी आणि पॉलिसीची अट

कोल्हापूरच्या आमच्या कसबा बावड्यात जुलै लागला की पाऊस किती पडला असं कुणी विचारत नाही. ‘बंधाऱ्याला किती?’ एवढंच विचारतात. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्याजवळ ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. मी ड्रेनेजच्या आणि पाण्याच्या लाइनी टाकणारा लहान ठेकेदार. नदीकडच्या काळ्या मातीत चर मारायचा म्हणजे ही पातळी बघूनच दिवस ठरवायचा. माझ्या विम्याच्या पॉलिसीचा अर्थही हीच पातळी ठरवते, हे २०२१ च्या पुरानं मला दाखवलं. तेव्हापासून भेटेल त्या ठेकेदाराला मी ते सांगतो.

वर्क ऑर्डर हातात पडली की ‘कॉन्ट्रॅक्टर्स ऑल रिस्क’ पॉलिसी काढतात. बहुतेक ठिकाणी ती पहिल्या बिलाच्या फायलीला लागते आणि तिथंच राहते. जमिनीखालच्या कामासाठी तिला जादा अटी जोडलेल्या असतात, अगदी शेवटच्या पानांवर. मला पॉलिसी देणाऱ्या विकास अधिकाऱ्यांनी त्या समोर बसून एकेक करून मराठीत समजावल्या. त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही.

एका वेळी किती मीटर चर उघडा ठेवायचा, त्याला मर्यादा. पाइप बसला की लगेच भराव टाकायचा, म्हणजे चरात पाणी शिरलं तरी तो हलणार नाही. खोदाईआधी जुन्या केबली आणि जलवाहिन्या कुठून जातात, हे त्या त्या खात्याला विचारून घ्यायचं. विचारलं नसेल तर फुटलेल्या लाइनीची भरपाई नाही. विचारलं असेल तरी फक्त दुरुस्तीचा खर्च. लाइन बंद पडल्यानं लोकांचं झालेलं नुकसान त्यात येत नाही. आणि पावसापाण्यापासूनची तजवीज निदान २० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या हिशेबानं केलेली हवी.

या शेवटच्या अटीपाशी मी थांबलो. २००५ साली पूर आला, २०१९ ला पाणी ५५ फुटांच्याही पुढं गेलं. मग वीस वर्षांचा पूर कुठला धरायचा? मी आमच्या मुकादमाला विचारलं. गेली कित्येक वर्षं ते माझ्याकडं आहेत, मी त्यांना मामाच म्हणतो. ते म्हणाले, “मालक, एकोणीसला पाणी जितं लागलं हुतं ती खूण धरा की. तिच्या खाली काय ठेवायचंच न्हाई.” आम्ही तसंच केलं. पाइपांची थप्पी, सिमेंट, जनरेटर, मजुरांच्या खोपी, सगळं त्या खुणेच्या वर.

एरवी पावसाळ्यात आम्ही खोदाई करत नाही. २०२१ साली कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत मजूर गावी गेले आणि नदीकडचा शेवटचा तुकडा जुलैवर आला. काम ३१५ मिलिमीटरच्या एचडीपीई पाइपाचं. हा पाइप तोंडं बंद करून रिकामा ठेवला, तर बुडाल्यावर मीटरला साधारण ७८ किलो पाणी बाजूला सारतो, आणि त्याचं स्वतःचं वजन त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकंही नसतं. त्यामुळं भराव नसेल तर तो पुरात तरंगून वर येणारच. बंधाऱ्याची पातळी चढू लागताच आम्ही पुढची खोदाई थांबवली, बसलेल्या लाइनीवर मुरूम टाकला, पाइपात पाणी भरून तोंडं बंद केली आणि जेसीबी चढावर नेला. २२ जुलैला पाऊस कोसळला आणि पुढच्या दिवसांत पाणी २०१९ सारखंच ५५ फुटांच्या पुढं गेलं. वीस वर्षांचा म्हणावा असा पूर दोन वर्षांत दुसऱ्यांदा आला होता.

पाणी चढलं त्याच रात्री मी विमा कंपनीला ई-मेल केला. या पॉलिसीत साधारणपणे १४ दिवसांच्या आत कळवावं लागतं, पण पूर ओसरायची वाट बघण्यात शहाणपण नाही. शिरोलीजवळ महामार्गच पाण्याखाली होता, त्यामुळं सर्व्हेअर उशिरा पोचले. त्यांनी पहिल्यांदा विचारलं, चर किती मीटर उघडा होता. मामांनी साइटची वही पुढं केली: रोजची तारीख, किती मीटर खोदलं, किती बुजवलं, बंधाऱ्याची पातळी, आणि सोबत मोबाइलवरचे फोटो. लाइन जागेवरच होती. उघड्या तुकड्याच्या कडा ढासळल्या होत्या आणि दोन चेंबर मोडले होते. आपल्या वाट्याची ठरलेली रक्कम कापून तो दावा मंजूर झाला. गाळ उपसायचा खर्चही मिळाला, कारण ती रक्कम पॉलिसीत वेगळी मागून घेतली होती. काम थांबलं त्या दिवसांचे पैसे मात्र मिळाले नाहीत, ते या पॉलिसीत येतच नाहीत. दुसऱ्या एका ठेकेदाराची अख्खी लाइन तरंगून वर आली होती. बसवलेल्या पाइपांवर भराव नव्हता, म्हणून त्याचा दावा फेटाळला गेला. त्याच्या घरची ती दिवाळी मी पाहिली आहे.

पण चरात उतरतो तो माणूस, पाइपाच्या आधी त्याचा विमा. दीड मीटरपेक्षा खोल चराला टेकू द्यावेत, हा नियम आहे. भिजलेल्या काळ्या मातीत त्याहून कमी खोलीलाही मी पाट्या आणि धिरे लावतो. कामगार भरपाईचा १९२३ चा कायदा नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू होता. त्यात मृत्यूची भरपाई काढताना महिन्याची मजुरी जास्तीत जास्त किती धरायची, ती मर्यादा २०२० साली ८,००० वरून १५,००० रुपये झाली. त्या हिशेबानं ३० वर्षांच्या मजुराच्या मृत्यूबद्दल १५ लाख ५९ हजार ८५० रुपये होत होते. माझ्यासारख्याचं घर विकलं तरी एवढी रक्कम महिन्याभरात उभी राहणार नाही, आणि मजुराच्या बायकोनं त्यासाठी वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या का चढायच्या? म्हणून पोटठेकेदारानं आणलेले मजूरसुद्धा मी पॉलिसीत दाखवतो. दवाखान्याचा खर्च वेगळा जोडून घेतो. जेसीबीची गाडी म्हणून असलेली पॉलिसी रस्त्यासाठी असते. तो खोदताना उलटला तर यंत्रसामग्रीची वेगळी पॉलिसी लागते.

हे सगळं करणारा ठेकेदार टेंडरमध्ये महाग पडतो. सगळ्यात कमी दर भरणारा पहिल्यांदा टेकू आणि विमा यांनाच कात्री लावतो, आणि काम त्यालाच मिळतं. माझी मागणी एवढीच आहे, की अंदाजपत्रकात विम्याचा हप्ता आणि चराचे टेकू यांना स्वतंत्र बाब द्यावी, तिच्यावर कुणी दर कमी भरू नये, आणि पावती व फोटो दाखवल्यावरच ते पैसे मिळावेत. ठेकेदारांच्या बैठकीत मी हे मांडलं, तेव्हा लेखी द्या म्हणाले. लेखी दिलं आहे, आणि खाली मामांचीही सही घेतली आहे.