एका राजाच्या एकोणतीस सोयरिकी

तुम्ही ‘मून लव्हर्स’ ही कोरियन मालिका पाहिली असेल, तर राजवाड्यातले ते देखणे राजपुत्र नक्की आठवत असतील. मालिकेतली प्रेमकथा काल्पनिक आहे. पण ते भाऊ आणि त्यांचे वडील इतिहासात खरोखर होऊन गेले. वडिलांचं नाव वांग गॉन. त्याने ९१८ मध्ये गोर्यो राज्य स्थापन केलं. ‘कोरिया’ हे नाव त्यावरूनच आलं.

त्या काळी कोरियात ठिकठिकाणी स्वतःची फौज बाळगणारे सरदार होते. सगळ्यांशी लढत बसण्यापेक्षा वांग गॉनने त्यांच्याशी सोयरीक जुळवली. एकेका बलाढ्य घराण्यातली मुलगी राणी होऊन आली. एकूण २९ राण्या, २५ मुलगे आणि ९ मुली! सिल्लाच्या शेवटच्या राजाने ९३५ मध्ये आपलं राज्य त्याच्या हवाली केलं, तेव्हा वांग गॉनने स्वतःची लेक त्याला दिली. पुढच्याच वर्षी देश एक झाला.

देश एक झाला, पण घराचं काय?

९४३ मध्ये वांग गॉन गेला आणि थोरला मुलगा हेजोंग गादीवर आला. त्याचं आजोळ साधं होतं, सावत्र भावांची आजोळं मात्र तालेवार. एका सासऱ्याला तर आपला नातू राजा व्हायला हवा होता. अवघ्या दोन वर्षांत हेजोंगचा मृत्यू झाला. मग चुंगजूच्या यू घराण्यातल्या राणीचे दोन मुलगे पाठोपाठ राजे झाले. त्यातला धाकटा ग्वांगजोंग म्हणजे मालिकेतला नायक. त्याचं लग्न सावत्र बहिणीशी झालं होतं. त्याने ९५८ मध्ये परीक्षा घेऊन अधिकारी नेमण्याची पद्धत सुरू केली. मात्र त्याच्याच काळात आधीच्या दोन्ही राजांचे, म्हणजे भावांचे मुलगे मारले गेले.

हे वाचताना मला त्या २९ जणींचाच विचार येत राहिला. त्यांची पसंती कुणी विचारली असेल?

माझ्याही घरी सध्या स्थळं बघणं सुरू आहे. “लग्न दोन माणसांचं नसतं, दोन घराण्यांचं असतं,” हे वाक्य तुमच्याही कानावरून गेलं असेलच. त्यात तथ्य आहे. अडीअडचणीला घराणंच धावून येतं, हे मी जवळून पाहिलंय. पण वांग गॉनच्या राजवाड्यात घराणी सगळीच आली होती, तरी भावाला भावाची खात्री नव्हती.

म्हणून तुमच्या घरी लेकीचं किंवा लेकाचं स्थळ बघायला बसाल, तेव्हा घराणं जरूर विचारा. फक्त त्याआधी एकदा त्या दोघांना विचारा, “तुमचं एकमेकांशी जमेल का?” आणि उत्तर येईपर्यंत थांबा.