चवथीच्या आधीचे दोन महिने

मे संपता संपता आमच्या कट्टा गावात काजूचा हंगाम आवरतो. बिया वाळवून पोत्यांत भरल्या, बागायतदारांचे पैसे चुकते केले की घरच्या युनिटचे हिशोब बघणारी मी गणपतीपर्यंत बरीच मोकळी असते. परदेशातल्या विद्यापीठांचे उन्हाळी भाषावर्गही नेमके जुलै-ऑगस्टात भरतात. त्यांचा उन्हाळा म्हणजे आपला आषाढ-श्रावण. चिनी शिकायला बाहेर जायचं तर याच दोन महिन्यांत, हे तिथेच ठरून गेलं.

चिनीच का, हे मला अजूनही विचारतात. वेंगुर्ल्याला मामाचा काजू कारखाना आहे. तिथे काजूगर रंगावरून निवडणारं यंत्र आलं ते चीनच्या हेफेई शहरातून. अशा यंत्रांचे कारखाने त्या शहरात मोठ्या संख्येने आहेत. यंत्राच्या पडद्यावर चिनी अक्षरं, आणि काही अडलं की मधल्या दलालाच्या तोंडाकडे बघत बसायचं. पांढरा गर आणि डागी गर यांच्या भावात केवढा फरक पडतो हे काजूवाल्याला सांगायला नको. यंत्र बनवणाऱ्या माणसाशी आपण स्वतः बोलावं, एवढ्यासाठी मी रात्री जेवणं झाल्यावर पुण्याच्या एका बाईंकडे ऑनलाइन शिकायला लागले. एच.एस.के. या चिनी परीक्षेच्या तेव्हाच्या रचनेत पहिल्या पातळीला 150 शब्द लागत, दुसऱ्या पातळीला 300. तेवढे घरी बसून होतात. बोलणं मात्र होत नाही. समोर कोणी नसतं आणि अडखळलं की आपण मराठीत शिरतो.

मग शोध सुरू झाला. दोन-तीन आठवड्यांची 'समर कॅम्प' मी आधी बाजूला ठेवली. चीनच्या भिंतीची सहल, चहाचा कार्यक्रम, सुलेखनाची दुपार आणि मधल्या वेळात भाषा. ते पर्यटन आहे, ज्याला परवडतं त्याने खुशाल करावं. मी प्रत्येक ठिकाणाला दोनच गोष्टी विचारायची: आठवड्याला वर्गाचे तास किती, आणि वर्गात माणसं किती? वीस जणांच्या वर्गात आपल्या वाट्याला तासाभरात दोन-तीन मिनिटं बोलणं येतं. फी कमी दिसली तरी असा वर्ग महागच पडतो. माझं ठाम मत आहे की भाषावर्गाची किंमत फीला आठवड्यांनी भागून काढू नये, तोंड उघडायला मिळणाऱ्या वेळाने भागावी.

चीनमध्ये युन्नान प्रांतातलं कुनमिंग मनात भरलं होतं. पेइचिंग-शांघायपेक्षा तिथे राहणं स्वस्त, हवाही सौम्य. पण 2024 साली भारत आणि चीनमध्ये थेट विमानं बंद होती. हाँगकाँग नाहीतर बँकॉकवरून वळसा घालताना तिकिटाचा आकडा फुगायचा. त्याच वेळी तैवानच्या शिक्षण मंत्रालयाची 'हुआयू' शिष्यवृत्ती सापडली. महिना 25,000 तैवानी डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने 65 हजार रुपयांच्या आसपास. विमानाचं तिकीट आपलं आपण काढायचं, फी, भाडं आणि जेवण याच रकमेतून भागवायचं. आठवड्याला किमान 15 तास वर्ग सक्तीचे आणि गैरहजेरी वाढली की पैसे थांबतात. ती अट वाचून मला उलट बरंच वाटलं. उन्हाळ्याच्या दोन महिन्यांसाठीही ही शिष्यवृत्ती मिळते, पण आयुष्यात एकदाच. म्हणून अगदी शून्यावर असताना ती वापरू नये. आधी घरी पाया घालावा, मग जावं.

एक अडचण होती. यंत्रावरची अक्षरं सोपी केलेली, तैवानात चालतात ती जुनी. 'घोडा' हे अक्षर जुन्या पद्धतीने लिहायला दहा फटकारे लागतात, नव्या पद्धतीने तीन. पुण्याच्या बाई म्हणाल्या, बोलणं दोन्हीकडे तेच आहे, तू बोलायला चाललीस. जुन्या अक्षरांचं भय त्यांनीच घालवलं. त्यांनी सांगितलं, फर्ग्युसन महाविद्यालयातले पु. वि. बापट यांनी पाली बौद्ध ग्रंथ 'विसुद्धिमग्ग' आणि चिनी भाषांतरात उरलेला 'विमुत्तिमग्ग' शेजारी ठेवून केलेला अभ्यास 1937 साली पुण्यात छापला. मला डॉ. द्वारकानाथ कोटणीस ठाऊक होते. सोलापूरचा हा माणूस 1938 साली चीनला गेला आणि तिथल्या जखमी सैनिकांशी त्यांच्याच भाषेत बोलू लागला. बापटांचं नाव मात्र पहिल्यांदाच ऐकलं. आपल्या शाळांतून ते सांगायला हवं.

शहर निवडताना राजधानी तैपेई भाड्यापायी सोडली आणि दक्षिणेचं ताइनान घेतलं. निघताना आजीचा प्रश्न एकच, "चवथीच्या आधी घराक येतलंस मा गो?" त्या वर्षी चतुर्थी 7 सप्टेंबरला होती, वर्ग ऑगस्टअखेर संपणार होते. मी हो म्हटलं.

ताइनान त्या वर्षी आपली 400 वर्षं साजरी करत होतं. 1624 साली डच तिथे उतरले आणि त्यांनी झीलंडिया किल्ला बांधायला घेतला. साखरेचं पाणी, चिकट तांदूळ आणि कालवांच्या शिंपल्यांची पूड कालवून केलेल्या गाऱ्याची जुनी भिंत अजून उभी आहे. चिनी सेनापती कोशिंगाने तो किल्ला डचांकडून घेतला 1662 साली, आणि मालवणच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाची पायाभरणी झाली 1664 साली. मी त्या भिंतीला हात लावून बराच वेळ उभी राहिले.

वर्गात मला मराठीचा मोठा आधार झाला. रोमन लिपीत 'ब' लिहिलेला चिनी आवाज खरं तर आपला 'प' आहे, आणि 'प' लिहिलेला आपला 'फ'. शेजारच्या अमेरिकन मुलाची त्यावर रोज दमछाक व्हायची. 'चोर'मधला च आणि 'चार'मधला च वेगळे ठेवायची सवय आपल्याला जन्माची. चिनीत तो फरक सतत लागतो. स्वरांचे चढउतार मात्र मलाही घाम फोडत. ते घोकून आले नाहीत, घरमालकीणबाईंबरोबर सकाळी बाजारात जाऊन आले. तिथे न्याहारीला सबामाशाची, म्हणजे त्यांच्या तळ्यांत वाढवलेल्या काटेरी माशाची, पातळ भातपेज मिळते. आमच्या घरची पेज आणि सुका बांगडा एकाच वाडग्यात घातल्यासारखी. बाई दुकानदाराला सांगायच्या, हिच्याशी सावकाश बोल पण चिनीतच बोल.

24 जुलैला 'खाइमी' वादळ आलं, शाळा-कचेऱ्या बंद झाल्या. बाईंनी आदल्या दिवशीच बादल्या भरायला, खिडक्या बांधायला लावलं. 2021 चं तौक्ते आम्ही मालवणात अनुभवलेलं, त्यामुळे हात आपोआप चालत होते. आमच्याकडे कौलं कशी उडाली, माड कसे आडवे झाले, हे मी त्यांना रात्री मेणबत्तीच्या उजेडात सांगितलं. वाक्यं तुटकी होती, 'माड' म्हणताना हाताने उंची दाखवावी लागली, पण त्या विचारत गेल्या आणि मी सांगत गेले. इतकं सलग चिनी मी त्याआधी कधी बोलले नव्हते.

परत आल्यावर मामाच्या कारखान्यातून हेफेईच्या इंजिनिअरला फोन लावला. त्याचा उच्चार ताइनानपेक्षा निराळा, वेग जबर. मी त्याला सावकाश बोलायला सांगितलं आणि डागी गर पांढऱ्यात का जातोय ते विचारलं. त्याने कॅमेऱ्यासमोरची काच पुसायला आणि एक आकडा खाली आणायला सांगितलं. मामाने तसं केलं, मग मला फोन हातात तसाच धरायला लावून आणखी चार प्रश्न विचारून घेतले.

आता कुडाळ-कणकवलीची मुलं-मुली चौकशीला येतात. ऑक्टोबर 2025 पासून कोलकाता-ग्वांगझौ थेट विमान सुरू झालंय, तेव्हा कुनमिंगचा हिशोब पुन्हा मांडा, असं मी सांगते. ज्यांना मुख्य भूमीशी धंदाच करायचा आहे त्यांना तेच बरं पडेल. सहा महिन्यांच्या आतल्या शिक्षणाला तिथे एक्स-2 व्हिसा लागतो. तैवानला जायचं तर शिष्यवृत्तीचे अर्ज फेब्रुवारी-मार्चात असतात, ऐन काजूच्या धांदलीत, म्हणून कागद दिवाळीतच जमवून ठेवा. ऑक्टोबर 2024 पासून तैवानचं कार्यालय मुंबईतही आहे, त्यामुळे दिल्ली-चेन्नईची वाट धरायला नको.