चौकातला मुक्काम

पैसे बेताचे असले की प्रवासी आपोआप चौकात येतो. हॉस्टेलच्या खोलीत आठ जणांचे पलंग, त्यातला एक खालचा आणि एक वरचा आपला. तिथे फक्त पाठ टेकायची. दोन्ही वेळा रेस्तराँत बसायचं, तर दिवसाचा हिशेब कोलमडतो. मग उरतो चौक. माद्रिद, कॉर्डोबा, सेव्हिल, ग्रनाडा आणि बार्सिलोना आम्ही दोघांनी पाठीवर सॅक टाकून पाहिली, ती मुख्यतः चौकांत बसून. पैसे जास्त असते तर स्पेन आम्हाला कमी दिसला असता, असं मला मनापासून वाटतं.

आम्ही बुधवार पेठेतले. नवऱ्याचं तपकीर गल्लीत वायरी-स्विचांचं लहानसं दुकान, माझी शाळेतली नोकरी आणि जुन्या वाड्यातल्या दोन खोल्या. पुण्यातसुद्धा हा पत्ता सांगितला की काही जण ओठ मुडपतात. मला त्याचं फार वाईट वाटतं. वेश्यावस्तीच्या ज्या गल्ल्यांवरून ते पेठेला नावं ठेवतात, तिथेही बाया कष्टाने पोरं वाढवतात, त्यांच्या शाळेची फी भरतात. आणि सावित्रीबाई-जोतीरावांनी १८४८ मध्ये मुलींची शाळा काढली तो भिडे वाडा याच पेठेत, दगडूशेठच्या गणपतीसमोर होता. पेठेतल्या माणसाला रस्त्याची भीती नसते. घरात जागा नाही म्हणून अभ्यास जिन्यात, गप्पा ओट्यावर आणि भांडणं चौकात, असंच आम्ही वाढलो. स्पेनमध्ये ही सवय जन्माची शिदोरी ठरली.

खर्चाचा मोठा घास निघण्याआधीच जातो. शेंगेन व्हिसाची फी जून २०२४ पासून माणशी ९० युरो, किमान ३०,००० युरोंचं संरक्षण देणारा वैद्यकीय विमा, बँकेचे उतारे, राहण्याच्या जागांचे पुरावे. दुकानदाराच्या खात्यात पैसा येतो तसा जातो, त्यामुळे ते उतारे नीट दिसावेत म्हणून आम्ही बरेच महिने हात आखडता ठेवला. सॅका मात्र घरच्याच होत्या, राजगड आणि हरिश्चंद्रगड पाहिलेल्या. सासूबाईंनी त्यांत मेतकूट, थालिपिठाची भाजणी आणि शेंगदाण्याची चटणी भरली. “पाठीला झेपेल तेवढंच न्या,” असं म्हणत म्हणत त्यांनी आणखी एक पुडा कोंबला.

त्या पुड्याने आम्हाला जगवलं. हॉस्टेलच्या सामाईक स्वयंपाकघरात मऊ भात टाकायचा, वर मेतकूट. शेजारच्या शेगडीवर पास्ता शिजवणाऱ्या मुलीने एकदा वासावरून मान वळवली आणि न बोलता आपली वाटी पुढे केली. दुपारचं जेवण मात्र बाहेर. बहुतेक खानावळींत ‘मेनू देल दिया’ असतो: पहिली डिश, दुसरी डिश, ब्रेड, पेय आणि गोड किंवा कॉफी, साधारण बारा ते पंधरा युरोंत. आम्ही एकच ताट मागवायचो आणि जोडीला बटाट्याचं जाड ऑम्लेट, तोर्तिया. नवरा अंडं खातो, मांस नाही. त्यामुळे ‘सिन हामोन’, म्हणजे हॅमशिवाय, हे दोन शब्द त्याने पहिल्या दिवशीच पाठ केले. तरी कॉर्डोबात टोमॅटो आणि पावाचं थंडगार, दाट साल्मोरेखो आलं ते वर हॅमचे तुकडे पेरून. वाढणाऱ्या काकांनी त्याचा चेहरा पाहिला, वाडगा उचलला आणि नवा आणून ठेवला. जास्तीचे पैसे घेतले नाहीत. ग्रनाडात तर पेय मागवलं की बरोबर काहीतरी खायला फुकट येतं. दोन पेयांत संध्याकाळ भागते.

दुपारी दोन ते पाच बरीचशी लहान दुकानं बंद. त्याबद्दल कुरकुर करणारे प्रवासी भेटले, पण पुण्याच्या पेठेतल्या माणसाला यात नवल ते काय? नवऱ्याला तर फार बरं वाटलं. दुकानदारालाही दुपारची झोप हवी, हे मान्य करणारा अख्खा देश त्याला प्रथमच भेटत होता.

माद्रिदमध्ये बोटॅनिकल गार्डनच्या कुंपणाला लागून एक चढ आहे, कुएस्ता दे मोयानो. तिथे १९२५ पासून लाकडी टपऱ्यांची रांग आहे, जुन्या-नव्या पुस्तकांची. मी तिथे पोचले आणि पाय निघेनात. आप्पा बळवंत चौकात ज्यांनी जुनी पुस्तकं चाळत दुपारी घालवल्या, त्यांना तो वास डोळे मिटूनही ओळखू येईल. एका टपरीवाल्या आजोबांनी पुस्तकाच्या पाठीवरून ज्या तऱ्हेने अंगठा फिरवून धूळ काढली, ती तऱ्हासुद्धा आमच्या चौकातली. भाषा येत नसताना मी एक मुलांचं चित्रांचं पुस्तक घेतलं. सगळ्या प्रवासात तेवढीच खरेदी.

चढ उतरून चार पावलं गेलं की प्रादो संग्रहालय. सोमवार ते शनिवार संध्याकाळी सहा ते आठ आणि रविवारी पाच ते सात तिथे प्रवेश विनामूल्य असतो. रांग लांब, पण ती भराभर सरकते. दोन तासांत सगळं पाहायचा हट्ट धरू नये. दोन-तीन चित्रं पुरे. वेलाझकेझचं १६५६ मधलं ‘लास मेनिनास’ पाहायला सगळे जातात, आम्हीही गेलो. मनात राहिलं ते गोयाचं कुत्र्याचं चित्र. म्हातारपणी, कानाने पूर्ण बहिरा झालेला गोया आपल्या घराच्या भिंतींवरच काळी, भेसूर चित्रं काढत बसला. पुढे ती भिंतींवरून उतरवून कॅनव्हासवर चढवली गेली. त्यांतलं हे एक. मातकट पिवळी पोकळी, खाली तपकिरी उतार आणि त्यातून वर आलेलं कुत्र्याचं डोकं तेवढं. कान मागे पडलेले, नजर वर. बाकी काहीच नाही. नवरा त्याच्यासमोर बराच वेळ उभा राहिला. मी हात धरला तेव्हा म्हणाला, “थांब ना गं, त्याला एकटं कसं सोडायचं?”

कॉर्डोबाची मशीद, म्हणजे आताचं कॅथेड्रल, सोमवार ते शनिवार सकाळी साडेआठ ते साडेनऊ एकेकट्या प्रवाशांना विनामूल्य उघडी असते. अट एकच, आवाज करायचा नाही. आठव्या शतकात अब्द अल-रहमान पहिला याने बांधायला घेतलेलं ते खांबांचं रान, वर लाल-पांढऱ्या दुहेरी कमानी आणि मधोमध सोळाव्या शतकात घुसवलेलं चर्च. अनेकांना ते चर्च खुपतं. मलाही खुपलं.

फक्त ग्रनाडातल्या अलहाम्ब्राच्या बाबतीत काटकसर करू नये. तिकीट आधीच काढावं लागतं, त्यावर नाव असतं आणि नसरी राजवाड्यांत शिरायची वेळ ठरलेली असते. बारा संगमरवरी सिंहांचा चौक पाहून आम्ही हेनेरालिफेच्या बागेत चढलो. तिथे एक जिना आहे, वर लॉरेलच्या झाडांचं छत. त्याच्या दोन्ही कठड्यांतूनच पाणी वाहतं. आधाराला हात ठेवायचा, तो पाण्यात. बोटांना गार ओढ लागते आणि माणूस आपोआप हळू चढतो. तेराव्या शतकात दारो नदीला वरच्या अंगाला बांध घालून, नुसत्या उतारावर हे पाणी कालव्याने टेकडीवर आणलं गेलं.

त्या जिन्यावर मला कात्रज आठवलं. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, अठराव्या शतकाच्या मध्यावर, कात्रजच्या तलावांतून असंच उताराच्या बळावर भूमिगत दगडी नळांतून पाणी पुण्यात आलं आणि पेठापेठांतल्या हौदांत पडलं. आमच्या पेठेत फरासखान्यापाशी बाहुलीचा हौद होता. सत्यशोधक समाजातले डॉ. विश्राम रामजी घोले यांनी आपल्या लहानग्या मुलीच्या, बाहुलीच्या, स्मरणार्थ बांधलेला, सगळ्या जातींना खुला. ज्या काळात पाण्यावरून माणसं हाकलली जात, त्या काळात भर पेठेत कुणीही ओंजळ भरावी म्हणून एका बापाने केलेलं हे काम. आज तिथून जाणाऱ्या किती जणांना ते ठाऊक असेल? स्पेनच्या शहरांत मात्र आम्ही बाटली सार्वजनिक नळाखाली धरत हिंडलो. बार्सिलोनाच्या रांब्लावर कानालेतेसचा जुना कारंजा-नळ आहे. त्याचं पाणी पिणारा शहरात परत येतो, अशी तिथली समजूत.

अर्थात सगळ्यांनीच परत यावं असं बार्सिलोनाला आता वाटत नाही. जुलै २०२४ मध्ये तिथल्या रहिवाशांनी मोर्चा काढला आणि बाहेर जेवत बसलेल्या पर्यटकांवर पाण्याच्या पिचकाऱ्या मारल्या. घरांची भाडी परवडेनाशी झाली, शेजार उठून गेले, हे त्यांचं दुःख. महापालिकेने २०२८ च्या नोव्हेंबरपर्यंत पर्यटकांना भाड्याने दिल्या जाणाऱ्या १०,१०१ सदनिकांचे परवाने संपवायचं ठरवलं आहे. वाडे पडून जुनी बिऱ्हाडं कोथरूड-धायरीला गेलेली पाहिली आहेत, त्या आम्हाला हा राग समजतो. म्हणून आम्ही कुणाचं राहतं घर भाड्याने घेतलं नाही; हॉस्टेलातच राहिलो.

सेव्हिलमध्ये कॅथेड्रलच्या कडेने जाणारा मोठा रस्ता आता फक्त चालणाऱ्यांचा, सायकलींचा आणि ट्रामचा आहे. रात्री दहाला तिथे आज्या बाकांवर बसतात, पोरं चेंडू खेळतात, आणि खिशात पैसे नसलेलं परदेशी जोडपंही त्यांत खपून जातं. पुण्यात ११ डिसेंबरच्या पादचारी दिनी लक्ष्मी रस्त्याचा एक भाग गाड्यांना बंद करतात. तेव्हा तिथेही पोरं रस्त्याच्या मधोमध खेळतात, म्हातारी माणसं न घाबरता चालतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. महापालिकेला विनंती आहे: हा दिवस महिन्यातून एकदा तरी आणा, आणि तो पूर्वेकडे बुधवार चौकापर्यंत येऊ द्या. नगर वाचन मंदिराच्या आसपास चार बाक टाका, फरासखान्यापाशी पिण्याच्या पाण्याचा एक नळ बसवा आणि त्यावर बाहुलीचं नाव लिहा.